तीन कार्यालयांचा एक तक्ता

४ ऑक्टोबर

बोझकोव साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "नेदा बाई, बसा. हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही." सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी तीनदा ऐकलंय, आणि तिन्ही वेळा कोणालाच नको असलेलं काम माझ्या गळ्यात पडलंय. या वेळी मात्र मी मनापासून हो म्हटलं.

काम असं. जिल्ह्यातल्या चौसष्ट शाळांबद्दल जे जे ठाऊक आहे ते एका तक्त्यात आणायचं. वर्गात शिकवतात कसं, हे आम्हा तपासणी कार्यालयाला माहीत. मुलांना गुण किती पडले, हे परीक्षा केंद्राला. शिक्षक कोण, पट किती, शाळा चालू ठेवायची की मिटवायची, हे शिक्षण खात्याला. तिन्ही कार्यालयं द्रेनोवग्रादच्या एकाच चौकात. पण तिथली माणसं एकमेकांना भेटतात ती कुणाच्या तरी अंत्यविधीलाच.

हो म्हटलं ते देयानामुळे. नऊ वर्षांची पोर. गेल्या वर्षी शिक्षकाच्या थपडेने तिचा डावा कान कायमचा गेला. त्या माणसाला आधीच्या शाळेतून मारहाणीसाठीच काढलं होतं. तो अहवाल मी लिहिला होता, आणि तो आमच्या कपाटात होता. खात्याने त्याला दुसऱ्या शाळेत नेमलं तेव्हा त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एकशेचाळीस पावलं आहेत. मी मोजलीत.

९ ऑक्टोबर

परीक्षा केंद्रात गेले. त्सोन्का बाईंना मी वीस वर्षं ओळखते, म्हणजे जिन्यात मान हलवण्यापुरती. त्यांनी साधी कॉफीही विचारली नाही.

"गुण हवेत? कशासाठी?"

"तक्त्यासाठी."

"आणि तक्ता कशासाठी?"

"शाळांना मदत व्हावी म्हणून."

"हे कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग लिहून आणा. तक्ता कशासाठी वापरायचा आणि कशासाठी नाही. त्यातलं 'नाही' जरा ठळक अक्षरात."

बाहेर पडताना मनात आलं, अशाच माणसांमुळे त्या पोरीचा कान गेला. विचार कठोर आहे, पण खोडत नाही.

१७ ऑक्टोबर

खात्यात अगदी उलटा अनुभव. तिथे प्लामेन उपसंचालक आहे. शाळेत माझ्या वहीतून गणितं उतरवायचा, ते अजून विसरलेला नाही. चीज भरलेली गरम बनित्सा खायला मागवली, स्वतः कॉफी ओतली.

"अगं, आपल्याआपल्यात कसली लेखी हमी? त्सोन्काला कागद चघळायची सवय आहे. वरून हुकूम आला की मुकाट्याने देईल. तू आपली यादी जुळवायला घे."

यादी जुळवणं हेच खरं दुखणं. तिन्ही कार्यालयांत प्रत्येक शाळेचा क्रमांक वेगळा. एकच शाळा आमच्याकडे संताच्या नावाने, परीक्षा केंद्राकडे गावाच्या नावाने आणि खात्याकडे कधीच बदललेल्या जुन्या नावाने. अकरा वर्षांपूर्वी जळालेली एक शाळा खात्याच्या यादीत अजून चालू आहे. पट शून्य, पहारेकरी एक. दोघंही पोट धरून हसलो. पण घरी येताना वाटलं, जी नाही ती शाळा यादीत आहे, तर जे आहे त्यातलं काय काय नसेल?

६ नोव्हेंबर

गोर्ना लापित्सा. बस खालच्या दोल्ना लापित्सापर्यंतच जाते. वरचे एकोणीस किलोमीटर दूधवाल्याच्या गाडीतून. एकतीस मुलं, तीन शिक्षक. मुख्याध्यापिका साब्रिये बाई याच गावच्या, चाळिशीच्या. घरच्या तंबाखूची पानं निवडून बोटांची टोकं काळपट झालेली.

तपासणीच्या दिवशी शाळा कशा सजतात ते मला पाठ आहे. नवे पडदे, कुंड्या, मुलांच्या अंगात इस्त्रीचे सदरे. इथे काहीच नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "बाई, चौथीत अकरा मुलं आहेत. त्यातल्या सहांना धड वाचता येत नाही. आधी हे लिहून घ्या, मग बाकीचं दाखवते."

"असं सरळ कोणी सांगत नाही हो," मी म्हटलं.

"मग तुम्हाला कळतं कसं?"



मुलं घरी तुर्की बोलतात. पहिलीत येतात तेव्हा 'बस' आणि 'ऊठ'सुद्धा बल्गेरियनमध्ये कळत नाही. साब्रिये बाई चित्रं काढून, हातवारे करून शिकवतात. पहिली ते चौथी एकाच खोलीत. दुपारी शेंगांचं सूप वाढताना म्हणाल्या, "मला एक माणूस द्या. फक्त पहिलीसाठी, फक्त बोलायला शिकवणारा. दोन वर्षांनी परत या आणि मग बघा."

सगळं लिहून घेतलं. निघताना त्यांनी विचारलं, "हे वाचणार कोण?"

"मदत करणारी माणसं."

"नक्की?"

"माझा शब्द आहे, बाई."

कितीतरी वर्षांनी तपासणीहून परतताना मन हलकं होतं.

१३ नोव्हेंबर

दोल्ना लापित्सा, मुख्याध्यापक मिताकोव यांची शाळा. सगळं चोख. रंगीत तक्ते, ओळीत उभी मुलं, स्वागताला कविता. चौथीच्या वर्गात नऊ बाकं रिकामी होती. मिताकोव म्हणाले, तापाची साथ आहे. औषधाच्या दुकानात मात्र शुकशुकाट होता, असं उगाच मनात आलं. पण उगाच मनात आलेलं अहवालात लिहिता येत नाही. शेरा: उत्तम.

११ डिसेंबर

वरून हुकूम आला आणि त्सोन्का बाईंनी गुण दिले. स्वतः चालत आल्या. हातात गुणांची एक सीडी आणि एक कागद. कागदावर चारच ओळी: हे आकडे शाळेला मदत करण्यासाठी आहेत, त्यांच्या आधारे शाळा बंद करणे, शिक्षक काढणे असे निर्णय घेऊ नयेत, कोणाला शंका असल्यास आधी केंद्राला विचारावे. खाली माझी सही हवी होती.

मी सही केली. जरा रागानेच, पेन दाबून. त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या बाई आहात. म्हणून तर काळजी वाटते."

या टोमण्याचा अर्थ काय काढायचा?

१६ जानेवारी

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे. तक्ता अजून पुरा नाही, तरी त्याने एक काम केलं. दक्षिणेकडच्या एका शाळेने शिक्षकाच्या जागेसाठी नाव पाठवलं. नाव तक्त्यात टाकताच आमचा अहवाल समोर आला. तोच, थपडेवाला माणूस. मी फोन उचलला, प्लामेनने पाच मिनिटांत नेमणूक थांबवली.

"बघ," तो म्हणाला, "असं हवं होतं ना तुला?"

हो. अगदी असंच हवं होतं. फोन ठेवल्यावर स्वच्छतागृहात जाऊन रडले.

२४ जानेवारी

तक्ता पूर्ण. चौसष्ट ओळी, सोळा रकाने. प्लामेनने पाहिला आणि डोकं खाजवलं.

"नेदा, हे कोण वाचणार गं? खात्याच्या समितीतल्या लोकांना एका पानात हवं असतं. तीन रंग कर. हिरवा, पिवळा, लाल. आणि हा शेवटचा रकाना काढ, शेऱ्यांचा. त्यात तू कादंबरी लिहिली आहेस."

"पण कारणं त्यातच आहेत."

"कारणं तुझ्या मूळ अहवालात आहेतच की. ती कुठे पळून जातायत?"

त्याचं म्हणणं चूक नाही. पानात मावत नव्हतंच. तरी गोर्ना लापित्साच्या ओळीतला शेरा पुसताना बोट थबकलं. घरची भाषा तुर्की, चार वर्ग एका खोलीत, मागणी फक्त एका माणसाची. आठ ओळी होत्या. पुसल्यावर उरला तो लाल चौकोन. त्याच्या खालच्या ओळीत मिताकोव यांचा हिरवा.

कुठेतरी खुपतंय. पण लाल म्हणजे आधी मदत, असंच प्लामेनही म्हणाला. निदान मान तरी डोलावली.

७ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. दुपारी प्लामेनचा फोन. गोर्ना लापित्साचा रस्ता हिवाळ्यात किती दिवस बंद असतो? शाळेची इमारत कोणाच्या मालकीची? दोल्ना लापित्साला जायला मुलांना किती वेळ लागेल? मी सगळं सांगितलं. सर्वांत जास्त चौकशी याच शाळेची करतोय, म्हणजे नक्की माणूस पाठवायच्या तयारीत आहे. रोज खालून वर जाणं त्या माणसालाही अवघडच पडेल म्हणा.

राहवेना, म्हणून साब्रिये बाईंना पत्र टाकलं: तुमचं म्हणणं योग्य ठिकाणी पोहोचलंय, लवकरच चांगली बातमी कळेल.

१ मार्च

टपालाने गोर्ना लापित्साहून मार्तेनित्सा आली. वसंताच्या शुभेच्छा म्हणून मुलांनी वळलेला लाल-पांढरा दोरा, थोडा वेडावाकडा. सोबत चिठ्ठी: "नव्या बाई कधी येणार, मुलं रोज विचारतात." मनगटाला बांधली.

१४ मार्च

बंद होणाऱ्या शाळांची यादी लागली. नऊ नावं. पहिलं नाव गोर्ना लापित्सा. कारणाच्या जागी छापलंय: "गुणवत्ता असमाधानकारक (सामायिक तक्त्यानुसार). मुलांना दोल्ना लापित्सा येथील उत्तम दर्जाच्या शाळेत सामावून घेण्यात येईल."

वाक्य चार वेळा वाचलं. उत्तम हा शब्द माझाच आहे.

१५ मार्च

प्लामेनच्या खोलीत गेले. या वेळी कॉफी नव्हती.

"तू म्हणाला होतास, लाल म्हणजे मदत."

"असं मी कधी म्हटलं? तू म्हणालीस, मी ऐकून घेतलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, मला नऊ शाळा मिटवायच्याच होत्या. वरून आकडा ठरूनच आला होता. कोणत्या नऊ, एवढाच प्रश्न होता. तुझा तक्ता नसता तर मी नकाशावर बोट ठेवून निवडल्या असत्या. ते बरं झालं असतं का?"

"त्या बाईने मला विश्वासाने सांगितलं होतं."

"मग विश्वासाचं तक्त्यात कशाला टाकलंस?"

तो निर्दयपणे बोलत नव्हता, तेच जास्त लागलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

१९ मार्च

साब्रिये बाई आल्या. दोन गाड्या बदलून, डोक्याला रुमाल, बुटांना वितळत्या बर्फाचा चिखल. आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. त्यांनी माझं फेब्रुवारीतलं पत्र पिशवीतून काढलं, टेबलावर ठेवलं आणि हाताने सारखं केलं.

"हे मी गावात वाचून दाखवलं होतं, बाई. म्हाताऱ्यांना तुर्कीत करून सांगितलं. आता सगळे विचारतात, तू यांना काय सांगितलंस? मी म्हणते, खरं सांगितलं. तर म्हणतात, कोणी सांगितलं होतं तुला खरं सांगायला?"

मी म्हटलं, माझी चूक झाली. म्हटलं, मी शेरा लिहिला होता, तो पुसला गेला.

"पुसला गेला की पुसलात?"

"पुसला. मी."

त्यांनी पत्र परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "सात वर्षांच्या पोरांना पहाटे अंधारात गाडीत बसवायचं. खाली त्यांची भाषा कोणाला येत नाही. मागच्या बाकावर बसतील. आणि तपासणीच्या दिवशी कुठे असतील, माहितेय तुम्हाला? मिताकोव साहेब कच्च्या मुलांना त्या दिवशी मठाच्या सहलीला पाठवतात. खालच्या बाजारात हे कोंबडीवाल्याला पण माहीत आहे. फक्त तुम्हाला माहीत नाही."

नऊ बाकं. मला सहलीचं माहीत नव्हतं हे खरं. पण औषधाच्या दुकानातला शुकशुकाट मला दिसला होता. तो कुठे लिहायचा हे मला कळलं नव्हतं, का लिहायचाच नव्हता?

२१ मार्च

त्सोन्का बाईंकडे गेले. ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच गेले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "बसा." आणि कॉफी ओतली.

मग त्यांनी दोन शाळांचे कागद समोर मांडले. गोर्ना लापित्साची मुलं पहिलीत येतात तेव्हा भाषेच्या चाचणीत शंभरात पाच. चौथीत बेचाळीस. मिताकोव यांची मुलं येतात साठाला आणि राहतात साठालाच. तेही परीक्षेच्या दिवशी अकरा मुलं गैरहजर असताना.

"हे तुमच्याकडे आधीपासून होतं?"

"तीन वर्षं आहे."

"मग दिलं का नाहीत?"

"तुम्ही चौथीचे गुण मागितलेत. मूल कुठून निघालं, हे कोणी विचारलंच नाही. तुमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू का, मी आपण होऊन सांगायला हवं होतं. मला वाटलं, कुलूप लावून ठेवलं म्हणजे माझे हात स्वच्छ. तसं नसतं, नेदा."

पहिल्यांदाच नावाने हाक मारली. संध्याकाळपर्यंत बसून आम्ही समितीला द्यायचं तीन पानांचं निवेदन लिहिलं. माझे आठ ओळींचे शेरे, त्यांचे आकडे, खाली दोन कार्यालयांच्या दोन सह्या. माझी सही असलेला त्यांचा तो डिसेंबरचा कागदही जोडला. मीच मोडलेला करार माझ्याच हातांनी जोडताना लाज वाटली, पण जोडला.

९ एप्रिल

साहेब म्हणाले, "तुमच्या त्या निवेदनावर उद्या समितीपुढे सुनावणी आहे, तिला तुम्ही जाणार नाही. उद्या तुम्ही रजेवर आहात." रजेचा अर्ज त्यांनीच भरून ठेवला होता. मी सही केली. रजेवरचं माणूस कुठेही जाऊ शकतं.

१० एप्रिल

समितीत पाच जण. मागच्या खुर्च्यांवर साब्रिये बाई आणि गावातले सातआठ लोक. माझं नाव पुकारलं गेलं नाही, तरी उभी राहिले.

प्लामेनने विचारलं, "बाई, हा तक्ता आपलाच ना?" चारचौघांत तो मला 'आपण' म्हणतो.

"माझाच. त्यातला एक रकाना मी काढून टाकला. तो आता वाचते."

आठही ओळी वाचल्या. मग त्सोन्का बाईंनी आकडे सांगितले. शेवटी मी म्हटलं, "या बाईंनी मला खरं सांगितलं, कारण मी मदतीचा शब्द दिला होता. ज्यांनी लपवलं त्यांना आपण हिरवा रंग दिला. आज ही शाळा बंद केलीत तर उद्या चौसष्टपैकी एकही शाळा आम्हाला खरं सांगणार नाही. मग तक्ता कितीही सुंदर काढा."

अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला. म्हणाले, निर्णय कळवू. मिताकोव पहिल्या रांगेत बसले होते. बाहेर पडताना त्यांनी माझ्याशी हसून हस्तांदोलन केलं.

२२ मे

निर्णय आला. पहिली ते चौथी गावातच राहणार. पाचवीपासूनची बारा मुलं खाली जाणार. गोर्ना लापित्साची शाळा आता स्वतंत्र नाही, मिताकोव यांच्या शाळेची शाखा. पहिलीसाठी माणूस: "विचाराधीन". मिताकोव यांच्याकडून अकरा गैरहजर मुलांबद्दल लेखी खुलासा मागवला. त्यांनी पाठवला. तापाची साथ.

त्सोन्का म्हणाली, "अर्धं तर वाचलं." आता आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. तक्त्याचं काम एका नव्या माणसाकडे दिलंय. थपडेवाल्या शिक्षकांची नावं मात्र तिन्ही कार्यालयांत जातील, एवढी अट मी लेखी घालून घेतली. या वेळी आधी लेखी, मग सही.

२३ ऑक्टोबर

पाच महिने इथे काही लिहिलं नाही. आज लिहिते.

गोर्ना लापित्साची तपासणी माझ्याच वाट्याला आली. दुसऱ्या कोणाला दूधवाल्याच्या गाडीतून जायचं नव्हतं.

खिडक्यांना नवे पडदे होते. दारात कुंड्या. मुलांनी उभं राहून एका सुरात स्वागत केलं. बल्गेरियन उच्चार अगदी स्वच्छ. दुसरीतल्या एका मुलीला साब्रिये बाईंनी वाचायला उभं केलं. ती पुस्तक समोर धरून खडाखडा वाचू लागली. मध्येच वाऱ्याने पान उलटलं. ती तशीच पुढे वाचत राहिली, मागच्याच पानावरचा धडा, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न चुकता. मी साब्रिये बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या.

मुलं अंगणात गेल्यावर मी वही मिटली. "बाई, आता आपण दोघीच आहोत. खरं काय ते सांगा. किती जणांना वाचता येत नाही?"

"सगळं ठीक आहे."

"मी हे कोणाला..."

"सगळं ठीक आहे, बाई." स्वर अजिबात कडू नव्हता. दमलेल्या माणसाशी बोलावं तसा होता. "मिताकोव साहेब येऊन शिकवून गेलेत, तपासणीला काय करायचं ते. फार सोपं असतं हो. मलाच इतकी वर्षं कळलं नव्हतं."

सूप त्यांनी याही वेळी वाढलं. आम्ही तंबाखूच्या पिकाबद्दल बोललो, यंदा थंडी लवकर पडली त्याबद्दल बोललो. गाडीपर्यंत सोडायला आल्या. मुलांनी हात हलवले.

शहरात परतल्यावर थेट त्सोन्काकडे गेले. तिने अहवालाचा कागद हातातून घेतला.

"काय लिहिलंस?"

"'सर्व ठीक असल्याचे मुख्याध्यापिकांनी सांगितले.' बास, एवढंच."

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. "खरं आहे," म्हणाली.

"हो. शब्द न् शब्द खरा आहे."